सी ड्राइव्ह भरला, फोल्डर हलवायचे आहेत: पैसे नेमके कशाला द्यायचे?

संगणक एक आणि वापरणारी माणसं चार, अशी घरं अजून पुष्कळ आहेत. अशीच गत सीएच्या ऑफिसात, शाळेच्या संगणक कक्षात, सोसायटीच्या कार्यालयात आणि आपले सरकार सेवा केंद्रातही दिसते. प्रत्येकाचं खातं वेगळं, पण सगळ्यांचा पसारा एकाच जागी साठत जातो: सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. संगणक घेताना २५६ जीबीची एसएसडी भरपूर वाटलेली असते. विंडोज तीच जागा २३८ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज, ऑफिस, अपडेट यांना चाळीस-पन्नास जीबी सहज जातात. उरलेल्या जागेत आईच्या शिकवणीच्या फायली, मुलीचे बारावीचे व्हिडिओ, बाबांच्या फोनमधले फोटो आणि धाकट्याचे गेम. मग एक दिवस सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, अपडेट अडतात आणि संगणक रांगू लागतो.

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘यूजर फोल्डर डीमध्ये टाकून देतो, हजारभर रुपये होतील.’ त्या हजार रुपयांबद्दल माझं मत आधीच सांगतो. फोल्डर हलवण्याची सोय विंडोजमध्ये फुकट आहे आणि ती वापरायला तंत्रज्ञ लागत नाही. पैसे लागतात ते दोन गोष्टींना: जागा नसेल तर नव्या डिस्कला, आणि बॅकअपला. तिसरी गोष्ट फुकट आहे, पण सामायिक संगणकावर सगळ्यात महत्त्वाची तीच, आणि दुकानदार ती बहुतेक वेळा करतच नाही. ती म्हणजे हलवलेल्या फोल्डरचं कुलूप. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी मोजा, मग हलवा

कोणाच्या खात्यात किती भरलंय हे न बघता डिस्क विकत घेऊ नका. ‘विझट्री’ किंवा ‘ट्रीसाइज फ्री’ ही घरगुती वापरासाठी फुकट साधनं काही मिनिटांत सगळा ड्राइव्ह मोजून दाखवतात. प्रशासक खात्यातून, म्हणजे ज्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात त्या खात्यातून चालवली तर सगळ्यांचे फोल्डर मोजता येतात. बऱ्याचदा असं दिसतं की जागा खाणारं काही वेगळंच आहे. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर राहतो. तो दहा दिवसांनी आपोआप जायला हवा, पण कधी कधी तिथेच बसून असतो. हायबरनेटची फाइल रॅमच्या साधारण चाळीस टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. आयफोनचा बॅकअप कधी संगणकावर घेतला असेल तर तो दडलेल्या फोल्डरमध्ये वीस, तीस, पन्नास जीबी अडवून बसतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

एक मोठी जागा हमखास सापडते, ती म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाचं खातं. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, कार्यालयातला कारकून बदलला, पण त्यांचं प्रोफाइल तसंच. ते काढायचं असेल तर ‘यूजर्स’मध्ये जाऊन फोल्डर नुसता डिलीट करू नका. विंडोजच्या नोंदीत ते खातं जिवंतच राहतं आणि तो माणूस पुन्हा आला तर त्याला तात्पुरतं, रिकामं प्रोफाइल मिळतं. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘यूजर प्रोफाइल्स’ असा भाग असतो, तिथून काढा. अर्थात त्याच्या फायली आधी त्याला विचारून बाजूला काढून.

एवढ्या साफसफाईनंतर सी ड्राइव्हवर पाचवा हिस्सा मोकळा झाला, तर काही हलवण्याची घाई नाही. विंडोजमधली आपोआप साफसफाईची ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय चालू करा आणि सहा महिने थांबा. यात एक पैसाही जात नाही.

काय हलवायचं, काय नाही

प्रत्येक खात्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक आणि डेस्कटॉप असे सहा फोल्डर असतात. यांची जागा बदलण्याची अधिकृत सोय आहे: फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’. नवी जागा दाखवली की जुन्या फायलीही हलवायच्या का असं विंडोज विचारतं. ‘येस’ म्हणायचं. काही बिनसलं तर त्याच टॅबवर ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ आहे.

माझा सल्ला पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स या चौघांपुरता आहे. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच राहू द्या आणि त्यावरचा पसारा उचलून डॉक्युमेंट्समध्ये टाका. डी ड्राइव्ह ही जुनी, फिरणारी हार्डडिस्क असेल तर डेस्कटॉप उघडताना रोज वेळ जातो, आणि ती डिस्क एखाद्या दिवशी जागी झाली नाही तर लॉग इन केल्यावर समोर मोकळा पडदा दिसतो. घरातल्या ज्येष्ठांना ते पाहून सगळंच गेलं असं वाटतं. एवढ्या-तेवढ्या जागेसाठी तो धक्का कशाला?

‘ॲपडेटा’ हा दडलेला फोल्डर मात्र मुळीच हलवू नका. ब्राउझरची खाती, व्हॉट्सॲप, मेलची नोंद, प्रत्येक सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज त्यात असतात आणि त्या तिथेच असणार असं धरून ती सॉफ्टवेअर लिहिलेली असतात.

आता तो हजार रुपयांचा प्रस्ताव. काही तंत्रज्ञ एकेक फोल्डर न हलवता सगळा ‘यूजर्स’ फोल्डरच डीवर नेतात. कोणी रजिस्ट्रीत बदल करतं, कोणी विंडोज टाकतानाच उत्तर-फाइल वापरून, कोणी सी ड्राइव्हवर खोटा दुवा ठेवून. एका फटक्यात चारही खाती हलतात, म्हणून हे आकर्षक वाटतं. पण प्रोफाइलची मूळ जागा दुसऱ्या ड्राइव्हवर नेली तर विंडोजच्या पुढच्या आवृत्तीवर जाता येत नाही, असा इशारा मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिलेला आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांना अजून ११ वर जायचं आहे, त्यांनी हे करून घेणं म्हणजे पुढे सगळं पुसून नव्याने विंडोज टाकण्याचा खर्च आजच अंगावर घेणं. शिवाय डी बंद पडला तर चौघांपैकी कोणालाच धड लॉग इन करता येत नाही. एकेक फोल्डर हलवलेला असेल तर डी गेला तरी खातं उघडतं, कारण खात्याचा गाभा सीवरच असतो. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा: ‘लोकेशन टॅबमधून हलवणार, की अख्खा यूजर्स फोल्डर?’ उत्तर दुसरं असेल तर काम देऊ नका.

कुलूप

सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’मध्ये प्रत्येकाच्या फोल्डरला विंडोजने आपणहून कुलूप लावलेलं असतं. साध्या खात्यातून दुसऱ्याचे डॉक्युमेंट्स उघडत नाहीत. डी ड्राइव्हवर असं काही नसतं. नव्याने फॉरमॅट केलेल्या डीवर त्या संगणकात लॉग इन करणाऱ्या प्रत्येकाला वाचायची आणि बदलायचीही मुभा असते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर गेलेल्या फायली नव्या जागेचे नियम उचलतात. कपाट दुसऱ्या खोलीत नेलं, पण कुलूप जुन्या खोलीच्या दारालाच राहिलं, अशी ही अवस्था. मुलीची डायरी, आजोबांचे बँकेचे कागद, शिक्षिकेने काढलेली सहामाहीची प्रश्नपत्रिका, हे सगळं कोणालाही उघडता येतं, आणि चुकून डिलीटही करता येतं. या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती टाळायला पंधरा मिनिटं पुरतात.

कृती अशी. प्रशासक खात्यातून डीवर प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करा. त्यावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा आणि आलेल्या प्रश्नात सध्याच्या परवानग्या कायम ठेवून रूपांतर करण्याचा पर्याय निवडा. मग यादीतून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ आणि ‘यूजर्स’ ही दोन नावं काढा. ‘सिस्टिम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ राहू द्या, आणि ज्याचा फोल्डर त्याचं नाव घालून त्याला ‘फुल कंट्रोल’ द्या. हे सगळं फायली हलवायच्या आधी. विंडोजच्या होम आवृत्तीतही हा टॅब असतो, त्यासाठी महागडी आवृत्ती घेण्याची गरज नाही.

यानंतर प्रत्येकाने स्वतःच्या खात्यात लॉग इन करून स्वतःचे फोल्डर हलवायचे. लोकेशन टॅब फक्त त्या-त्या खात्यापुरता चालतो, बाबांना आपल्या खात्यातून मुलीचे फोल्डर हलवता येत नाहीत. डीवरच्या आपल्या नावाच्या फोल्डरच्या आत पुन्हा ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ असे वेगवेगळे फोल्डर करा आणि प्रत्येकाला त्याचाच दाखवा. दोन फोल्डरांना एकच जागा देऊ नका, आणि नुसता डी ड्राइव्ह तर कधीच दाखवू नका. तसं केलं की डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स एकमेकांत मिसळतात आणि नंतर ते वेगळे करणं अत्यंत किचकट होतं.

शेवटी तपासणी: एका साध्या खात्यातून दुसऱ्याचा फोल्डर उघडून बघा. नकार आला तर काम झालं. प्रशासक खात्यातून बघाल तर ‘परवानगी नाही, पुढे जायचं का’ असं विचारलं जाईल. तिथे उत्सुकतेपोटी ‘कंटिन्यू’ दाबू नका, कारण तसं केल्याने त्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी कायमची लागू शकते. एक गोष्ट घरात सगळ्यांना मोकळेपणाने सांगून टाका: ज्याच्याकडे प्रशासक खातं, त्याला मनात आणलं तर सगळं उघडता येतं. म्हणून असं खातं घरात एकाकडेच असावं, बाकीच्यांची साधी खाती असावीत. सर्वांनी मिळून बघायचे लग्नाचे, सहलीचे फोटो ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये ठेवता येतात, त्यासाठी कोणाचं कुलूप काढायची गरज नाही.

एकट्याने सगळी डिस्क भरून टाकू नये असं वाटत असेल, तर डी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कोटा’ टॅब आहे. प्रत्येक खात्याला किती जीबी ते ठरवता येतं. फाइल ज्याच्या मालकीची, त्याच्या नावावर मोजली जाते. प्रत्येकाने स्वतःच हलवण्याचं हे आणखी एक कारण. शाळेत आणि शिकवणी वर्गात हे फार उपयोगी पडतं.

सेवा केंद्र आणि सायबर कॅफे चालवणाऱ्यांना मात्र वेगळं सांगायचं आहे. तुमच्या डाउनलोड्समध्ये लोकांची आधार कार्डं, सातबारे, जातीचे दाखले, बँक पासबुकाचे फोटो पडून असतात. जागा कमी पडते म्हणून ते डीवर नेणं हा उपाय नाही. काम झालं की ते त्याच दिवशी काढून टाकणं हाच उपाय. स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्समधल्या, न उघडलेल्या फायली एका दिवसानंतर आपोआप पुसण्याची सोय आहे, ती लावून ठेवा.

आता पैशांचं

पुढचे आकडे साधारण अंदाजाचे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, तालुक्याच्या दुकानात आणि ऑनलाइन भाव वेगळे मिळतात. शिवाय मेमरी चिप महागल्याने २०२५ च्या अखेरीपासून एसएसडीचे भाव चढे आहेत. त्यामुळे घेण्याच्या दिवशी निदान दोन ठिकाणी विचारा. आकडा १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून, हेही.

डी ड्राइव्ह आधीच असेल आणि त्यात जागा असेल, तर खर्च शून्य. फक्त तो डी म्हणजे वेगळी डिस्क आहे की एकाच डिस्कचा दुसरा भाग, हे ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये बघा. एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर विंडोज पुन्हा टाकताना फायली वाचतात एवढाच फायदा. डिस्क मेली तर सी आणि डी दोन्ही जातात.

डेस्कटॉप संगणकात दुसरी डिस्क बसवणं सगळ्यात स्वस्त आणि सोपं. फोटो-व्हिडिओंसाठी १ टीबीची साधी हार्डडिस्क चार ते सहा हजारांत येते. ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली तर तीन ते सहा हजार. सोबत साटा केबल, शंभर-दोनशेची. बसवायला घरी येणारा माणूस तीनशे ते सातशे घेतो, आणि तेवढे द्यायला हरकत नाही. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वाचते, फिरणारी डिस्क शंभर ते दोनशे. फोटो पाहायला आणि पीडीएफ उघडायला तो फरक फारसा जाणवत नाही. चौघांच्या फायली नुसत्या साठवायच्या असतील तर मी हार्डडिस्कच घ्या म्हणेन, आणि वाचलेले पैसे बॅकअपकडे वळवा.

लॅपटॉपचं गणित उलटं आहे. आत एम डॉट टूची दुसरी जागा किंवा अडीच इंची डिस्कची जागा रिकामी असेल तर उत्तम, पण ती आहे का हे लॅपटॉपच्या मॉडेलवरून आधी तपासा. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती काढून तिच्या जागी ‘कॅडी’ घालून डिस्क बसवता येते. कॅडी तीनशे ते सहाशे रुपयांना मिळते, फक्त साडेनऊ मिलिमीटरची की पावणेतेरा, ते मोजून घ्या. जागा एकच असेल तर फोल्डर हलवण्याचा विचारच सोडा आणि असलेली २५६ ची एसएसडी काढून १ टीबीची बसवा. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर करता येते, त्याला ‘क्लोनिंग’ म्हणतात. ‘क्लोनझिला’ फुकट आहे, आणि बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं साधन देतात. यात डिस्कचे सहा ते दहा हजार, क्लोनिंगसाठी यूएसबी पेटीचे पाचशे ते हजार, आणि दुकानातून करून घेतलं तर मजुरीचे पाचशे ते हजार. हा खर्च जास्त वाटतो, पण कुलूप, लोकेशन, कोटा यातलं काहीच करावं लागत नाही. सगळ्यांचं सगळं जिथल्या तिथे राहतं. माझ्या मते चार जणांच्या लॅपटॉपला हाच मार्ग योग्य.

संगणक उघडण्याआधी बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का बघा. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये ते कारखान्यातूनच चालू असतं. त्याची ४८ आकड्यांची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू देऊ नका.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून जोडायची डिस्क ही फोल्डर हलवायची जागा नव्हे. कोणी ती काढून कॉलेजात नेली की बाकीच्यांचे डॉक्युमेंट्स गायब. आणि हजार रुपयांत २ टीबी असं सांगून विकली जाणारी उपकरणं खोटी असतात. आत जागा थोडीच असते, ती भरली की पुढच्या फायली नासतात. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे फुकट साधन अशी फसवणूक उघड करतं.

बॅकअप

जो खर्च लोक टाळतात, तोच मी पहिला करायला सांगेन. १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क पाच ते साडेसात हजारांना येते. फोल्डर हलवायच्या आधी चौघांच्या फायलींची प्रत तिच्यावर घ्या, आणि हलवून झाल्यावर दर महिन्याला घेत राहा. बिघडलेल्या डिस्कमधून फायली परत काढून देणारे पाच हजारांपासून मागतात आणि डिस्क उघडावी लागली तर आकडा तीस-चाळीस हजारांपर्यंत जातो, तेही यशाची खात्री न देता. ही तुलना केली की बाहेरची डिस्क महाग वाटत नाही.

वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर गोंधळ होतो. त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आधीच स्वतःच्या फोल्डरमध्ये नेलेले असतात. लोकेशन टॅबमधून हलवायच्या आधी प्रत्येक खात्यात वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून हा बॅकअप बंद करा आणि फायली जुन्या जागी परत आल्या का बघा. फुकट मिळणारी जागा ५ जीबीच आहे, फोटो ठेवणाऱ्या घराला ती पुरणारी नाही.

टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल ही आणखी दोन नावं ऑफिसवाल्यांनी लक्षात ठेवावीत. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा मार्ग दिसतो. तो टिपून ठेवा, टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि बदल करायचा तर हिशेबनीस समोर असताना करा. पीएसटी बऱ्याचदा डॉक्युमेंट्समध्ये असते. डॉक्युमेंट्स हलवले की आउटलुक ती सापडत नाही म्हणतं, मग नवी जागा दाखवावी लागते. आउटलुक बंद करूनच फोल्डर हलवा.

वेळेचाही खर्च असतो. १०० जीबी मोठे व्हिडिओ वीसेक मिनिटांत जातात, पण तेवढेच हजारो लहान फोटो असतील तर तास-दीड तास लागतो. चौघांचं मिळून एक सुट्टीची सकाळ धरा. भारनियमनाची वेळ टाळा. मध्येच वीज गेली तर अर्ध्या फायली सीवर आणि अर्ध्या डीवर राहतात. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला हे विशेष सांगणं. लॅपटॉप चार्जरला लावा आणि ‘स्लीप’ बंद ठेवा. हलवून झालं की ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा जुनीच राहिली नाही ना, तेही बघा, नाहीतर सी पुन्हा भरायला लागतो.

दुकानात द्यायचंच असेल तर

शक्यतो माणूस घरी बोलवा आणि समोर बसून करून घ्या. संगणक दुकानात ठेवावा लागला तर आपल्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. एक तात्पुरतं प्रशासक खातं काढून द्या आणि काम झाल्यावर पुसून टाका. त्या खात्यातूनही फायली उघडता येतात, म्हणून अगदी खाजगी कागद आधीच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. संगणक कक्षाचे दहा संगणक असतील तर एकेकाची मजुरी न ठरवता एकरकमी ठरवा, आणि करारात कुलूप लावून दुसऱ्या खात्यातून तपासून दाखवण्याचं काम लेखी घाला.

नवी म्हणून दिलेली डिस्क खरंच नवी आहे का, हे ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट साधन दाखवतं. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते दिसतं. नव्या डिस्कवर तो आकडा शून्य किंवा अगदी किरकोळ असतो. हजारात असेल तर डिस्क वापरलेली आहे, तिथल्या तिथे परत करा. घरगुती हार्डडिस्कला साधारण २ वर्षांची आणि एसएसडीला ३ ते ५ वर्षांची हमी असते. पक्कं बिल घ्या आणि त्यावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून मागा, कारण हमी त्या क्रमांकावर चालते. साध्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे वाचवून हमी घालवणं परवडत नाही. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यात चौघांच्या फायली अजून आहेत.

वापरलेली डिस्क नवी म्हणून दिली, ठरलेलं काम केलं नाही किंवा हमी नाकारली, तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवरचा संदेशही जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही सुटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. तक्रारीला बिल, अनुक्रमांकाचा फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पडद्याचा फोटो आणि झालेला पत्रव्यवहार जोडा.